गरोदरपणातली शुगर आणि जीन टेस्टचं पॅकेज

शिल्पा (बी ३०२): लाळेवरून जीन टेस्ट करून गरोदरपणात शुगर होणार का ते सांगतात, असा मेसेज फिरतोय. जाऊबाईंना चौथा महिना आहे, त्यांच्या आईला डायबेटिस आहे. करून घ्यावी का?

डॉ. अनघा (सी ५०१): नको. आईला डायबेटिस आहे, ही माहिती फुकट मिळालीय आणि तेवढ्यावरच त्या जोखमीच्या गटात बसतात. टीसीएफ७एल२, एमटीएनआर१बी, सीडीकेएएल१ अशा जीन्समधल्या बदलांचा संबंध खरा आहे. वारेतल्या हार्मोन्समुळे गरोदरपणात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, स्वादुपिंडाला दुपटीने काम पडतं, आणि हे बदल असले की ते तिथे कमी पडू शकतं. पण एकेका बदलाचा वाटा छोटा असतो, आणि शुगर नसलेल्यांतही ते सर्रास सापडतात. रिपोर्ट काहीही येवो, पुढे ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायचीच आहे. झाली नसेल तर ती आत्ता करा, आणि नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

सुनीता ताई (ए १०४, लॅब): आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत उपाशी जायची गरज नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, ५ ते १० मिनिटांत संपवायचं. वेळ पहिल्या घोटापासून धरा, बरोबर २ तासांनी रक्त. १४० किंवा जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाकिटावर ‘मोनोहायड्रेट’ (म्हणजे पाण्याचा अंश धरलेलं ग्लुकोज) असेल तर ८२.५ ग्रॅम लागतं, हे फार जण बघत नाहीत. आणि रक्त राखाडी टोपणाच्या ट्यूबमध्येच घ्यायला सांगा. साध्या ट्यूबमध्ये पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के आकडा उतरतो आणि शुगर असूनही रिपोर्ट नॉर्मल दिसतो.

मेधा काकू (बी ६०३): मग जीन टेस्ट कुणालाच नको का? बारीक मुलींनाही शुगर निघते, घरात पिढ्यान्‌पिढ्या असते.

डॉ. अनघा: काकू, तिथेच ती कामाची. जीसीके या एकाच जीनमध्ये दोष असेल तर उपाशीपोटीची शुगर जन्मापासून साधारण १०० ते १४५ च्या दरम्यान राहते आणि ग्लुकोज प्यायल्यावर २ तासांनी फारशी चढत नाही. आईवडिलांपैकी एकाचीही तशीच थोडी वर असते. बाळात तो दोष उतरण्याची शक्यता ५० टक्के. उतरला असेल तर बाळाचं वजन नेहमीसारखं वाढतं, आणि आईची शुगर इन्सुलिनने दाबली तर उलट बाळ लहान राहू शकतं. उतरला नसेल तर बाळ मोठं होतं. म्हणून सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर ७५व्या पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभरातल्या ७५ बाळांपेक्षा जास्त, गेला की उपचाराचं बघायचं. असं चित्र असेल तरच टेस्ट, तीही रक्तावर, डॉक्टरांनी नेमका जीन लिहून दिल्यावर.

शिल्पा: समजलं. शुगर निघाली तरी बाळंतपणानंतर जातेच ना?

डॉ. अनघा: बहुतेकींची नॉर्मलला येते, आणि घरचे विषय तिथेच सोडतात. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे टाइप २, म्हणजे नेहमीचा कायमचा डायबेटिस, होण्याची शक्यता इतरांपेक्षा ७ ते १० पट असते. ६ आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची तपासणी, या वेळी मात्र उपाशीपोटी. उपाशी १२६ पासून पुढे किंवा २ तासांनी २०० पासून पुढे म्हणजे डायबेटिस. २ तासांची १४० ते १९९ म्हणजे काठावर. ‘तीन महिन्यांची शुगर’, म्हणजे एचबीए१सी, तेव्हा करू नका, बाळंतपणातल्या रक्तस्रावाने तो आकडा फसवा येतो. नंतर दर वर्षी तपासणी, आणि पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत सांगायचं.

रेश्मा (डी २०१, डाएटिशियन): बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि साजूक तुपातला शिरा रोज वाढू नका, दूध त्याने येत नाही. भाकरी, वरण, अंडी, पालेभाजी पोटभर द्या. अंगावर पाजल्याने पुढची जोखीम कमी होते.

सुनीता ताई: ६ आठवड्यांना बाळाची लस असतेच. त्याच दिवशी सकाळी आईची तपासणी उरकून घ्या. २ तास लॅबमध्येच बसायचंय, बाळाला धरायला कुणीतरी सोबत हवं, आणि दुसरं रक्त झालं की खायला डबा.