क्यूबेसिक (डॉसवरची जुनी प्रोग्रामिंग भाषा): पॅलेट (रंगसंच) बदलताना एरर

प्रश्न: बाबांच्या फ्लॉपीवरचा सूर्यास्ताचा प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवतोय. स्क्रीन १३ (२५६ रंगांचा ग्राफिक्स मोड). सूर्य लालभडक करायला ‘पॅलेट ४, २५५’ लिहिलं, तर ‘इल्लीगल फंक्शन कॉल’. का?

उत्तर १: अहो, व्हीजीएत (पीसीच्या त्या जुन्या ग्राफिक्स पद्धतीत) प्रत्येक रंगाला ६४च पायऱ्या, ० ते ६३! आकडा असा काढा: ६५५३६ × निळा + २५६ × हिरवा + लाल. म्हणजे भडक लाल ६३. यात माझा अख्खा रविवार गेला होता.

उत्तर २: सूर्य मावळवायचा असेल तर ‘आउट’ (हार्डवेअरच्या पोर्टवर थेट आकडा पाठवणारी आज्ञा) वापरा. पोर्ट &एच३सी८ वर रंगाचा क्रमांक, मग &एच३सी९ वर लाल, हिरवा, निळा, याच क्रमाने. चित्र पुन्हा काढावं लागत नाही.

प्रश्नकर्ता: ६३ चाललं! आकाश मात्र जांभळट झालंय, निळा कमी करून बघतो.