ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात शांत बसायला वेळ कुठून काढता?

वसईची_सून: यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी ठरवलं, मटण तर सोडायचंच, शिवाय रोज पंधरा मिनिटं गप्प बसायचं. मटण सुटलं. गप्प बसणं जमेना! पाचला उठते, तीन डबे भरते, मग लोकल. रात्री जपमाळ हातात घेतली की डोक्यात ‘वाल भिजत घातले का?’ बाहेर सासूबाईंची मालिका. घर दोन खोल्यांचं. बसू कुठे?

पापडीवाला: शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जाता ना? येशूच्या दुःखाची चौदा स्थानं झाली की लगेच उठू नका. लोक चपला शोधतात तेवढ्यात पाच मिनिटं मिळतात.

आजीबाई६८: राखेच्या बुधवारी चर्चमध्ये वाचतात ते शुभवर्तमान बायबलातल्या मत्तय ६ मधलं. प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे. आमच्याकडे दार लावलं की शेजारीण विचारायची, बरं नाही का? म्हणून मी विहिरीवर बसायचे. पंधरा मिनिटांचा हट्ट सोड गं, तीनपासून सुरू कर. आणि रविवार त्या चाळीस दिवसांत धरत नाहीत, तेव्हा एखादा दिवस चुकला तर रडू नकोस.

लोकलकर: मी नायगाव सुटलं की फोन पिशवीत टाकतो. खाडीचा पूल संपेपर्यंत काही मागायचं नाही, नुसतं पाणी बघायचं.

वसईची_सून: आज पूल केला. अर्ध्यातच वाल आठवले. पण भरती होती, छान वाटलं.