मदत हवी आहे: बाळ येणार आहे, गृहकर्ज काढतोय, बँकेला सांगायचं का? (तातडीचं)

फोंडेकर८९
सरळ प्रश्न आहे, सरळ उत्तर हवं. बायकोला पाचवा महिना आहे आणि आम्ही गृहकर्जाचा अर्ज भरतोय. बँकेला हे सांगावं लागतं का? सांगितलं तर कर्ज कमी करतात का? फ्लॅट ६२ लाखांचा, कर्ज ४९ लाख हवंय. १५ तारखेपर्यंत बिल्डरला पैसे द्यायचेत, तेव्हा 'आधी बाळाचं बघा' असले सल्ले कृपया नकोत.

डिचोलीची माई
अभिनंदन! पण पगार कुठाय? तुमचा किती, तिचा किती, आधीचे हप्ते किती? नुसत्या ६२ नि ४९ वरून काय डोंबल कळणार?

फोंडेकर८९
दोघंही नोकरी करतो. एजंट म्हणाला कर्ज बसतंय.

जमाखर्च
एजंटचं कमिशन कर्ज बसलं की सुटतं. नंतर तुम्ही बसलात काय नि झोपलात काय.
मूळ प्रश्नाचं उत्तर: मी दोनदा गृहकर्ज काढलं, दोन्ही अर्जांत गरोदरपणाचा प्रश्न नव्हता. घरात तुमच्यावर अवलंबून असलेली माणसं किती, हे विचारतात. जे मूल अजून जन्मलं नाही ते त्यात येत नाही. कुणी तोंडावर विचारलंच तर खोटं बोलू नका. बँक बघते पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, खात्याचा उतारा, आणि सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या किती टक्के होतात ते. निम्म्याच्या वर गेलं की साहेबाच्या कपाळाला आठ्या. आता आकडे द्या.

फोंडेकर८९
माझे हातात ५८ हजार, तिचे ४६. गाडीचा हप्ता ९ हजार, अजून तीन वर्षं.

जमाखर्च
साडेआठ टक्के व्याज धरलं, २० वर्षं मुदत, तर ४९ लाखांचा हप्ता सुमारे ४२,५००. गाडी धरून ५१,५००. दोघांचे मिळून १ लाख ४ हजार. म्हणजे ४९ टक्क्यांच्या वर. काठावर बसतंय, एजंट खोटं बोलला नाही.
आता तिचा पगार काढून बघा. ५८ हजारांतले ५१,५०० गेले. उरलेल्या साडेसहा हजारांत तुम्ही, ती, बाळ, गॅस, वीज आणि बाजार. बँकेला काय सांगायचं ते नंतर बघू.

स्विंडनचा भाचा
आमच्याकडे यूकेत हे फार कडक आहे. २०१४ पासून कर्ज देताना पुढे उत्पन्नात किंवा खर्चात होणारे बदल माहीत असतील तर तेही धरावे लागतात. आमच्या वेळी पाळणाघराचा खर्च विचारला होता. इथे प्रसूतीचा वैधानिक पगार ३९ आठवडे मिळतो, त्यातले पहिले सहा आठवडे ९० टक्के, मग ठरावीक रक्कम, ती फारशी नसते. त्यामुळे बायको कामावर कधी परतणार याचं पत्र

स्विंडनचा भाचा
अर्धवटच गेलं. पत्र मागितलं होतं बँकेने.

माडाखाली
भाच्या, घर इथे गोव्यात, फोंड्यात आहे रे. स्विंडनच्या बँकेने इथे काय करायचं?

पर्वरीची आई
फोंडेकर, पगारी रजा २६ आठवडे आहे (पहिल्या दोन मुलांना, २०१७ पासून). तेवढे दिवस स्लिपेवर पगार दिसतो, बँकेची अडचण येत नाही. खरी ओढाताण सातव्या महिन्यापासून. माझी आई कुडाळला, सासूबाईंचे गुडघे गेलेले, शेवटी मी आठ महिने बिनपगारी घरी बसले. हप्ता नवऱ्याच्या पगारातून गेला आणि आमची भांडणं चवथीच्या आरतीपर्यंत चालली.
एक विचारते. बायकोची नोकरी कायमस्वरूपी आहे ना?

फोंडेकर८९
कंत्राटी आहे, कुंडईला. दर ११ महिन्यांनी नवं पत्र देतात, तीन वर्षं देतायत. आताचं नोव्हेंबरला संपतं.

डिचोलीची माई
आणि बाळाची तारीख?

फोंडेकर८९
नोव्हेंबर.

डिचोलीची माई
अहो!! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं.

जमाखर्च
आता कळलं काठ कुठला ते. बँकेने तिच्या नोकरीचं पत्र मागितलं की त्यावर तारीख असणारच, ती लपत नाही. काही बँका कंत्राटी पगार अर्धाच धरतात, काही तीन वर्षांचं सातत्य बघून पूर्ण धरतात. लेखी विचारून घ्या.

पर्वरीची आई
बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर कंत्राटीलाही हक्क आहे. रजेच्या मध्येच करार संपला तरी लाभ पूर्ण मिळायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय. ती एचआरशी बोलली का? मात्र हे २६ आठवड्यांच्या पैशांचं झालं. पुढचं पत्र मिळेलच याची हमी त्यात नाही.

माडाखाली
एवढं घाबरवू नका त्याला. ३० वर्षांची मुदत घे, हप्ता ३७,७०० वर येतो. पुढे पगार वाढला की आगाऊ भरत जा. फ्लोटिंग (बदलत्या) दराला त्याचा दंड नाही.

जमाखर्च
दंड नाही हे बरोबर. पण २० वर्षांत व्याज ५३ लाख, ३० वर्षांत साडेशहाऐंशीच्या वर. आगाऊ भरणारे मी आयुष्यात दोनच पाहिले, त्यातला एक मी.

माडाखाली
दुसरा मी. आणि आज श्वास घ्यायला जागा हवी, व्याजाचं दहा वर्षांनी बघू. तुमचा चक्रवाढीचा तक्ता बाळाला दूध पाजणार नाही.

जमाखर्च
३७,७०० आणि गाडी म्हणजे ४६,७००. ५८ मधून ११,३०० उरतात. त्यात तरी कुठलं दूध?

कागदपत्रे तपासा
पंतप्रधान आवास योजनेत शहरी भागासाठी व्याज अनुदान मिळतं, १.८० लाखांपर्यंत. अर्ज ऑनलाइन.

डिचोलीची माई
घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि घराचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत लागतं हो. हे ६२ लाखांचं घर आहे.

कागदपत्रे तपासा
बरं. मग दुसरं सांगतो. तिला कर्जातून वगळून एकट्याच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर लग्न कुठे नोंदलंय ते बघा. गोव्याच्या नागरी कायद्यात सहसा मालमत्ता दोघांची सामाईक, नाव कुणाचंही असो. बायकोच्या सहीशिवाय घर विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. पुढे भाड्याने दिलंत तर ते उत्पन्नही दोघांत निम्मं वाटून विवरणपत्रात दाखवायचं, पगार तेवढा ज्याचा त्याचा. मुंबईच्या सीएला हे सांगून पटत नाही, स्वानुभव.

फोंडेकर८९
नोंदणी फोंड्यालाच झालीय. वगळायचं कुणी म्हटलं? १० लाख जमवलेत, ते १५ ला द्यायचे, करार नंतर करू म्हणतो बिल्डर. कर्ज मंजूर होईल का एवढंच सांगा.

माडाखाली
थांब थांब. करार व्हायच्या आधी १० लाख? इमारत पूर्ण झालीय का?

फोंडेकर८९
दुसरा स्लॅब पडलाय. पझेशन पुढच्या दिवाळीला. आता भाड्याने राहतो, १४ हजार.

जमाखर्च
भाड्याचंही आत्ता सांगताय! म्हणजे दिवाळीपर्यंत भाडं चालू, जसजसं कर्ज सुटेल तसं व्याज चालू, आणि त्याच वर्षात बाळ.

माडाखाली
रेरात (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणात) नोंदलेला प्रकल्प असेल तर नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तुझे होतात ६.२० लाख. नोंदणी क्रमांक माग आणि गोवा रेराच्या साइटवर तपास. जमाखर्च यांच्याशी माझं पटत नाही, पण इथे तेही माझ्या बाजूने असतील.

जमाखर्च
आहे. शिवाय बँक ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. उरलेले १३ लाख तुमचे, स्टॅम्प ड्यूटी नि नोंदणी वेगळी, ती कर्जात धरत नाहीत. १० जमलेत म्हणता. बाकीचे कुठून? आणि बाळंतपणाला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाणार की खासगीत, त्याचे कुठून?

पर्वरीची आई
एक करून बघा. या महिन्यापासून तिचा सगळा पगार वेगळ्या खात्यात टाका आणि तुमच्या एकट्याच्या पगारात भाडं, गाडी, घर चालवा. कर्ज अजून नाहीच, तरी बघा जमतं का.

फोंडेकर८९ (चार दिवसांनी)
बिल्डरने रेरा क्रमांक दिला, प्रकल्प आहे साइटवर. ६.२० वर यायला तयार झाला, पण करार महिनाअखेरीस म्हणतो. बायकोने धागा वाचला. तिचं म्हणणं, मी घरी भाड्याचं रडतो आणि इथे मात्र ते सर्वांत शेवटी सांगितलं. एचआरने 'बघू' म्हटलंय, लेखी काही नाही. गाडी विकायला काढलीय. १५ तारीख जाऊ दिली. फोंड्यात टायटल (मालकीचे कागद) बघणारा चांगला वकील कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सगळ्यांना देव बरें करूं.

डिचोलीची माई
व्यनि केलाय. गाडी कुठली, किती चाललीय? माझा भाचा बघतोय.