उत्तरेला मोठ्या काचा आणि बॅल-29, दोन्ही जमतं का?

डोंगरावरची: नमस्कार मंडळी, मेलबर्नच्या पूर्वेला डँडेनाँगच्या डोंगरात प्लॉट घेतलाय, दोन बेडरूमचं छोटं घर बांधायचंय, फार तर 90 स्क्वेअर मीटर. बॅल रिपोर्टमध्ये (वणव्याचा धोका मोजणारा आकडा, जितका मोठा तितका धोका जास्त) 29 आलंय. आमच्या डोक्यात होतं की उत्तरेला भरपूर काच लावू म्हणजे हिवाळ्यात ऊन आत येईल (इथे सूर्य उत्तरेकडून असतो हे सासूबाईंना अजून पटत नाही 😄), बाहेर लाकडी डेक आणि हीटर शक्यतो लावायचाच नाही. आता ड्राफ्ट्समन म्हणतोय आगीच्या धोक्यामुळे काचा कमी करा. मग एनर्जीचे 7 स्टार (नव्या घराला लागणारं ऊर्जाबचतीचं रेटिंग) कुठून आणायचे? कुणी केलंय का असं?

गमट्रीखाली: ताई, आधी एक विचारतो, घर प्लॉटवर नक्की कुठे बसवायचं ते फायनल झालंय का? बॅलचा आकडा नुसत्या प्लॉटचा नसतो, झाडी कुठली, उतार किती आणि झाडीपासून भिंत किती लांब यावर तो ठरतो. व्हिक्टोरियात सपाट जमिनीवर जंगल असेल तर 25 ते 35 मीटरमध्ये 29, आणि 35 च्या पुढे गेलात की 19. घराच्या खालच्या अंगाला उतारावर जंगल असेल तर हे अंतर वाढतं कारण आग चढावर पळते, दर 10 अंशाला वेग साधारण दुप्पट धरतात. म्हणजे चार-पाच मीटर घर सरकवून किंवा तेवढंच लहान करून आकडा उतरत असेल तर काचेवर, दारांवर, सगळ्यावरच खर्च कमी. छोट्या घराचा खरा फायदा इथे आहे.

दुसरं, लोकांना वाटतं आगीची भिंत अंगावर येते आणि घर जळतं. बहुतेक घरं जातात ती ठिणग्यांनी, वाऱ्याबरोबर निखारे येतात आणि पन्हळीत, छपराच्या फटीत, डेकखाली जाऊन बसतात, आग पुढे गेल्यावर बऱ्याच वेळानेही घर पेटतं. म्हणून साधा चौकोनी आकार ठेवा, छपराला व्हॅली (दोन उतार मिळतात तो खोलगट भाग) नको (पाला तिथेच साठतो), व्हेंटला 2 मिलीमीटरची धातूची जाळी लावा. आणि बघा, फटी बुजवल्या की थंडीही आत येत नाही, कोपरे कमी तर उष्णता बाहेर जायलाही जागा कमी. तुमच्या स्टारांनाही त्याची मदत होते. आणि छपरावरचा पाण्याचा कूलर अजिबात नको, निखारे त्यातून सरळ आत. स्प्लिट एसी लावा, हीटिंगही त्यावरच होतं.

नांगर_आणि_नेट: वरचं सगळं मान्य, पण काचेचं बोलूया कारण मूळ प्रश्न तो होता. व्हिक्टोरियात भयंकर दिवशी गरम वारा उत्तरेकडून, वायव्येकडून येतो. म्हणजे ऊन जिकडून हवं तिकडूनच आग यायची शक्यता, ही खरी पंचाईत. आणि संध्याकाळी वारा नैऋत्येकडून फिरला की आगीची लांब कडच नवी आघाडी बनते, 7 फेब्रुवारी 2009 ला ब्लॅक सॅटर्डेला हेच झालं, 173 माणसं गेली. त्यामुळे दक्षिणेची बाजू सेफ असंही समजू नका.

पण म्हणून काच सोडायची गरज नाही. खिडक्यांच्या डबल ग्लेझिंगमध्ये (दुहेरी काच) बाहेरची काच 29 ला 5 मिलीमीटरची टफन्ड (उष्णता देऊन मजबूत केलेली) चालते, आगीच्या नियमापुरती आतली साधीसुद्धा चालते. मी बाहेरून बुशफायर शटर घेतले, उन्हाळ्यात ऊनही अडतं. फक्त शटर कुणीतरी लावावे लागतात, तुम्ही ऑफिसात असाल तर काय, म्हणून मी काचही तेवढीच मजबूत घेतली, बायको म्हणाली डबल खर्च, म्हटलं असू दे.

डोंगरावरची: अरे बापरे, घर सरकवायचं तर डोक्यातच आलं नव्हतं! जंगल खालच्या अंगालाच आहे आमच्या. आणि डेकचं काय?

गमट्रीखाली: डेक विसरा 🙂 29 ला लाकूड चालतं पण ठरावीकच जातीचं किंवा ट्रीटमेंट केलेलं, आणि खाली पाला साठतो तो साठतोच. जमिनीलगत कोब्याचा ओटा घाला, पडवीसारखा, हिवाळ्यात ऊन खात बसायला मस्त. घर सरकवायचं तर ड्रॉइंग काउन्सिलला द्यायच्या आधी बॅल वाल्याला परत बोलवा, नंतर सगळंच बदलावं लागतं.

नांगर_आणि_नेट: आणि पाण्याची टाकी प्लास्टिकची घेऊ नका, काँक्रीट नाहीतर स्टील.