मदत हवी आहे : ‘व्हिव्हिपरस’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार. आमच्या गावाजवळच्या खाडीकाठी कांदळवनातून पायवाट केली आहे. तिथल्या माहितीफलकांचा मराठी मजकूर माझ्याकडे आलाय. मी मराठीची शिक्षिका, जीवशास्त्र बारावीपर्यंतच शिकले. बाकीचे फलक झाले, एका शब्दापाशी अडले आहे.

इंग्रजी मसुद्यात ‘व्हिव्हिपरस’ दोनदा येतं. एकदा कांदळाच्या झाडासाठी, एकदा चिखलात राहणाऱ्या, कुत्र्यासारख्या तोंडाच्या पाणसापासाठी. शब्दकोशात ‘जरायुज’ मिळालं, पण मन घेत नाही. जरायु म्हणजे गर्भावरचं वेष्टन. संतांच्या चार खाणींत जारज (म्हणजे जरायुजच), अंडज, स्वेदज, उद्भिज्ज असे चार वेगळे गट आहेत. त्या हिशेबाने साप अंडजात जातो आणि झाड उद्भिज्जात. मग दोघांनाही जरायुज कसं म्हणू? शिवाय लॅटिन मुळात वेष्टनाचा उल्लेखच नाही. व्हिव्हुस म्हणजे जिवंत, पारेरे म्हणजे जन्म देणं.

फलक वाचणार गावातली मुलं आणि त्यांच्या आज्या. त्यांना कळेल असा शब्द सुचवा.

प्रतिसाद १
ताई, शंका रास्त आहे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्या पुस्तकांत जरायुजच छापतात आणि गाय, माणूस यांना ते चपखल बसतं. पण व्हिव्हिपरसचा आवाका मोठा आहे. अंडं बाहेर न टाकता आईच्या शरीरातच वाढ पुरी होऊन जिवंत पिल्लू बाहेर येतं, एवढीच त्याची अट. घोणस, फुरसं, हरणटोळ, मांडूळ हे सगळे पिल्लं घालतात. नाग, धामण, मण्यार अंडी. इंग्रजीतला ‘व्हायपर’ शब्दही याच मुळापासून आला, असं मानतात. विंचूही व्हिव्हिपरस. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ म्हणतो ना आपण, ती पाठीवर घेतलेली पिल्लं अंड्यातून नाही, थेट आईच्या पोटातून आलेली असतात.

वर्गात मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. ‘व्हिव्हिपरस’ आणि ‘सस्तन’ हे समानार्थी नव्हेत. प्लॅटिपस सस्तन आहे आणि अंडी घालतो. पूर्वी ज्यांच्या पोटातच अंडी उबतात त्यांना ‘ओव्होव्हिव्हिपरस’ असा वेगळा शब्द लावत. आईकडून पोषण किती आणि बलकातून किती, ही रेघ नीट ओढता येत नाही, म्हणून बरेच अभ्यासक तो आता टाळतात. तुम्ही त्यात पडू नका.

प्रतिसाद २
आमच्या घरी मासळीचा धंदा. मुशी कापली की पोटात पिल्लं निघतात, हे आईने लहानपणीच दाखवलं होतं. पापलेटसारखी गाबोळी तिच्यात शोधायची नाही. ती पण यातच येते का?

प्रतिसाद १ कडून
हो, आणि किती छान उदाहरण दिलंत! आपल्या किनाऱ्यावरची एक लहान मुशी, स्कोलिओडॉन, हिच्या पिल्लाला खरोखरच नाळ असते आणि वारेतून पोषण मिळतं. म्हणजे मासा असून ती शब्दशः जरायुज.

प्रतिसाद ३
मी शेतकरी. खरिपाची ज्वारी काढणीला आली आणि पाऊस लागून राहिला की उभ्या कणसाला मोड येतात. कृषी विभागाच्या माणसाने त्याला ‘व्हिव्हिपरी’ म्हटलं होतं. कांदळाचंही तेच का?

प्रतिसाद १ कडून
प्रकार तोच, झाडावर असतानाच बी रुजणं. फरक असा की ज्वारीत ते नुकसान आहे. बियाची सुप्तावस्था टिकत नाही आणि ओल मिळताच कोंब फुटतो. कांदळात ती नेहमीची रीत. बी फळात असतानाच रुजतं, हातभर लांब हिरवा कोंब फांदीला लोंबतो, मग गळून खालच्या चिखलात रुततो किंवा भरतीबरोबर दूर जातो. तिवराचंही बी झाडावरच रुजतं, पण कोंब फळाच्या सालीआड राहतो, म्हणून दिसत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच शब्द दोन्हीकडे बसवायचा हट्टच चुकीचा होता. गाय विते, कोंबडी अंडी घालते, बी रुजतं. मराठीत ज्याची त्याची क्रियापदं आधीपासून आहेत. आता सापाच्या फलकावर ‘हा साप अंडी घालत नाही, पिल्लं घालतो’ आणि कांदळाच्या फलकावर ‘याचं बी झाडावरच रुजतं’ असं लिहिलंय. जरायुज कुठेच नाही.

फक्त एक राहिलं. कांदळाच्या त्या लोंबत्या कोंबाला आमच्याकडे नुसतं शेंग म्हणतात, पण ती शेंग नव्हे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, कुठल्याही खाडीकाठी त्याला वेगळं नाव असेल तर कळवा. फलक रंगवायला जायचे आहेत, त्याआधी ते नाव घालायचं आहे.