वायरवाले आयईएम घेतले, खोक्यात ढीगभर सामान, आणि खर्ज गायब! (सांगली) सल्ला हवा

भडंगप्रेमी:
नमस्कार मंडळी. विश्रामबागेत राहतो, मिरजेला गाणं शिकायला जातो. क्लासची रेकॉर्डिंग नीट ऐकता यावीत म्हणून दोन वर्षं पैसे साठवून पंचवीस हजारांच्या आतले वायरचे आयईएम (कानाच्या आत घट्ट बसणारे इअरफोन) मागवले. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जातो.

काल पार्सल आलं. खोकं फोडताना बायकोला मोबाईलवर शूटिंग करायला लावलं. मागे एकदा एका विक्रेत्याने रिकामा डबा पाठवून वर मलाच खोटं पाडलं होतं, तेव्हापासून ही सवय. आत काळ्या फोममध्ये दोन्ही बोंडं बसवलेली. खाली चेन असलेली कडक डबी, साडेतीन मिमी आणि ४.४ मिमी अशा दोन केबली, सिलिकॉनचे टिप्स (बोंडावर चढवायची मऊ टोपणं) तीन मापांत, फोमचे टिप्स तीन मापांत, आणि एक बारीक ब्रश. वास नव्या चपलेसारखा!

मग लावले कानात. तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग चालू केलं तर पंचम आणि जोड ऐकू येतात, खर्जाची (सगळ्यात खालच्या सुराची) तार जवळपास गायब. माझा पाचशेचा जुना इअरफोन बरा म्हणायची वेळ आली. परत करायला सात दिवस आहेत. मोबाईलला साडेतीनचं भोकही नाही, सध्या घरात पडलेला जुना डोंगल (चार्जिंगच्या भोकात लावून इअरफोन जोडायचं छोटं यंत्र) वापरतोय. काय करू?

सातारी_कंदी:
परत कर आणि चांगले ब्लूटूथवाले घे. वायरीत गुंतून मरशील.

खुंटी_पिळणारा:
परत करू नकोस. आधी टिप्स बदल. कानात बसवलेले टिप्स कुठले होते?

भडंगप्रेमी:
खोक्यातून निघाले तेच, मधल्या मापाचे. कान तर नॉर्मलच आहेत माझे.

खुंटी_पिळणारा:
नॉर्मल कान असं काही नसतं भावा. माझ्या डाव्या कानाला मधलं माप लागतं आणि उजव्याला मोठं. दोन्हीकडे एकच माप हवं असा काही नियम नाही.

हे कुकरच्या रिंगसारखं आहे. रिंग नीट बसली नाही की वाफ निसटते आणि शिटी होत नाही. इथे टिपच्या कडेने हवा निसटली की सगळ्यात आधी खालचे सूर जातात. तू काळी एकमध्ये गात असशील तर खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर येतो, म्हणजे नेमका तिथेच घोटाळा. वरचे सूर मात्र तसेच राहतात, म्हणून आवाज पातळ आणि कर्कश वाटतो, आणि माणूस ड्रायव्हरला, म्हणजे बोंडातल्या आवाज काढणाऱ्या भागाला, शिव्या घालत बसतो.

कर असं. मोठं माप लाव. विरुद्ध हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढ, बोंड आत सरकव, मग पाळी सोड. वायर कानावरून मागे गेली पाहिजे, खाली लोंबता कामा नये. आता मोठ्याने 'सा' लाव. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर बसलं. साधाच ऐकू आला तर कुठेतरी फट आहे.

कृष्णाकाठी:
+१. फोमचे पण लावून बघा दादा. बोटांत दाबून बारीक वळी करायची, चटकन आत घालायची आणि पंधरा-वीस सेकंद बोटाने धरून ठेवायची. आत फुगून बसतं. लोक धरून ठेवत नाहीत, ते बाहेर सरकतं, आणि मग 'फोम बेकार' म्हणतात. एकच, फोम टिकत नाही, काही महिन्यांत चोथा होतो. आपल्याकडे पावसाळ्यात तर विचारू नका. ऐकून झाल्यावर लगेच डबीत कोंबू नका, जरा वाळू द्या.

ब्रश असतो तो जाळीवरचा मळ काढायला. बोंड तोंड खाली करून झाडायचं, नाहीतर मळ आतच जातो.

मिरज_जंक्शन:
१९९१ मध्ये एटिमोटिक कंपनीने ईआर-४ हे इअरफोन काढले, त्यांचे तीन छत्र्यांचे टिप्स आठवतात का कुणाला? कानात खोल घालायला लागायचे, पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी. पण बाहेरची एसटी ऐकू येत नसे.

केबलबद्दल: ४.४ ची तुला आत्ता काही कामाची नाही. ती बॅलन्स्ड आउटपुटसाठी (डाव्या-उजव्या कानाचे सिग्नल पूर्ण वेगळे ठेवणारी जोडणी) असते, तसा डोंगल किंवा प्लेअर असेल तरच. पुढेमागे बॅलन्स्ड आउटपुट असलेलं यंत्र घेतलंस, तर त्याच्या ४.४ मधून साडेतीनच्या हेडफोनला जाणारा अडॅप्टर कधीही लावू नकोस, आतली सर्किट शॉर्ट होते. केबल बदलताना वायर धरून ओढू नकोस, प्लगचं बूड धरून सरळ ओढ. दोन पिनांचा जोड असेल तर पिळायचा नाही, पिना वाकतात. गोल एमएमसीएक्स असेल तर तो फिरतो, ते चालतं.

सातारी_कंदी:
एवढं शिकून मग गाणं ऐकायचं?

खुंटी_पिळणारा:
पेढा खायलाही खोका उघडावाच लागतो रे.

कृष्णाकाठी:
दादा, रियाज यातच करणार असाल तर एक सांगते. दोन्ही कान बंद करून गाऊ नका. स्वतःचा आवाज डोक्यात इतका घुमतो की सूर चढला की उतरला ते कळत नाही. एका कानात तंबोरा, दुसरा मोकळा. आमच्या गुरुजींनी मला पहिल्याच दिवशी बोंड काढायला लावलं होतं.

आणि आवाज बेताने. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला ४० तास, तोही ८० डेसिबलला.

भडंगप्रेमी:
झालं! उजव्या कानाला मोठं सिलिकॉन, डाव्याला मधला फोम. सोंगासारखं दिसतं, पण खर्ज आला. नुसता आला नाही, जवारीचा दोरा (तार आणि घोडीमधला धागा) जरा सरकवल्यावर सूर उघडतो ना, तो क्षण रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आला. शेजारी गुरुजींनी खाकरल्याचंही. तीन वर्षं हेच रेकॉर्डिंग ऐकतोय, खाकरणं पहिल्यांदा ऐकलं.

वाद्यं बनवणाऱ्या ओळखीच्या काकांना आज ऐकवलं. मिरजेच्या सितार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून ते जरा भाव खातात. दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "दुसरी तार किंचित उतरलीय." आयईएमबद्दल एक शब्द नाही.

परत करत नाही.

मिरज_जंक्शन:
४.४ ची केबल पडूनच राहणार ना? विकायची असेल तर सांग.

भडंगप्रेमी:
नाही राव. आता बॅलन्स्ड डोंगल कुठला घ्यावा तेवढं सांगा.

सातारी_कंदी:
वहिनींना विचारलंस का आधी?