हातच्याची वजाबाकी शिकवायला गेले आणि वर्गच हातचा गेला – मदत हवी आहे

मी छात्राध्यापिका आहे. सुटे पाठ घेऊन झाले होते, पण काल पहिल्यांदाच दुसरीचा वर्ग पूर्ण दिवस एकटीच्या जिवावर होता. परिपाठ, भाषा, मधली सुट्टी सगळं ठीक पार पडलं. (शू-ला जायची परवानगी पाच जणांनी मला सोडून मागे बसलेल्या वर्गबाईंकडे बघून मागितली, ते सोडून देते.) घोळ झाला तो गणिताला.

उदाहरण होतं 52 वजा 27. मुलं 31, बाकं 16. दर बाकाला दहा-दहा काड्यांचे 5 गठ्ठे आणि 2 सुट्या. आदल्या रात्री बसून 832 काड्या मोजल्या, 80 गठ्ठ्यांना रबरं लावली. आणि मी शहाणीने काय करावं, तर आधी सगळं वाटलं आणि मग सूचना द्यायला उभी राहिले. पाच मिनिटांत रबरं छताला लागत होती. एका बाकावर काड्यांचं घर, दुसऱ्यावर तलवारबाजी. मी ओरडले. आवाज बसला, वर्ग काही बसला नाही.

शेवटी काड्या गोळा केल्या आणि एकाला फळ्यावर बोलावलं. त्याने शांतपणे 35 लिहिलं. कसं रे? "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." म्हटलं, अरे, वरच्यातून खालचा जातो ना? तर म्हणे, "बाई, तुम्हीच म्हणालात, नेहमी मोठ्यातून लहान घालवायचा."

म्हणाले होते मी. सोमवारीच, बिनहातच्याच्या वजाबाकीला. निम्मा वर्ग माना डोलवत होता. तास संपायला चार मिनिटं, टाचणातलं 'मूल्यमापन' बाकी, म्हणून मी डस्टर फिरवलं, स्वतःच 25 करून दाखवलं आणि "समजलं?" विचारलं. "होऽऽऽ!" तो पोरगा मात्र जागेवर जाऊन दप्तर आवरत बसला, घंटा व्हायच्या आधीच. पाठाच्या वहीत वर्गबाईंचा शेरा एवढाच: 'साहित्य भरपूर.'

गुरुवारी हाच घटक याच वर्गावर पुन्हा घ्यायचाय, निरीक्षणाला मॅडम येणार आहेत. काड्या परत काढू की नको? आणि माझं वाक्य चुकलं होतं हे मुलांपुढे कबूल करू का? मैत्रीण म्हणते, वचक जाईल. मला ते पटत नाहीये, पण धीरही होत नाही.

प्रतिसाद: काड्या काढाच. आधी सूचना, मग साहित्य, एवढंच चुकलं. आणि 80 रबरं कशाला? या उदाहरणात एकच दशक सुटा करावा लागतो. रबर त्या एका गठ्ठ्याला, बाकीचे चार दोऱ्याने गच्च बांधा. "दोन सुट्या काड्यांतून मला सात द्या" म्हणा आणि गप्प उभ्या राहा. हे गप्प राहणंच अवघड जातं. मेरी बड रो या संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलतात.

प्रतिसाद: त्या मुलाला परत बोलवा. 35 पुसू नका, "यात 27 मिळव बघू" म्हणा. 62 येतात, 52 नाही. त्याचं तोच पकडेल. त्याने तुमचा नियम इमानदारीने पाळला हो! त्याला 52 मधले पाच म्हणजे पाचच दिसतात, पन्नास नाही. शिवाय 'सत्तावीस' म्हणताना सात आधी ऐकू येतं, तेव्हा कोण 72 लिहितंय तेही बघा. कबुलीचं म्हणाल तर "माझं वाक्य अर्धवट होतं, एककाच्या घरात कमी पडलं तर शेजारून दशक आणायचा" इतकंच बोलून पुढे जा. मी वर्षातून दोन-चारदा कबूल करतो. वचक होता तिथेच आहे.

धागाकर्ती: 62 चा पडताळा मला का सुचला नाही! टाचणात घातला, ते वाक्यही लिहून ठेवलं. आता रबरं काढून 64 गठ्ठ्यांना दोरा बांधायला बसते. एक गाठ पुरेल की दोन? पोरांच्या दातांनीसुद्धा सुटता कामा नये.